टायर बदलले आणि विमा कंपनीला मेल केला

सीना नदीचा पूर ओसरून महामार्ग पुन्हा मोकळा झाला, त्या आठवड्यातली गोष्ट. मी मोहोळच्या एका शाळेत शिकवते, राहते सोलापुरात. आम्ही चौघी शिक्षिका आळीपाळीने एकेकीची गाडी काढतो. पेट्रोलचे पैसे कुणी कुणाला देत नाही, फक्त पाळी चुकवायची नाही. त्या आठवड्यात माझी पाळी होती. संध्याकाळी परत येताना वाटेतल्या लांबोटी गावाच्या पुढे पावसाची जोराची सर आली. समोरच्या ट्रकने ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकतच गेली. स्टेअरिंग एकदम हलकं झालं, जणू खाली चाकंच नाहीत. दोन-तीन सेकंदांचाच प्रकार. ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभरावर गाडी उभी राहिली. मागच्या सीटवरून आवाज नाही. सोलापूरचा जुना पुणे नाका आला तरी कुणी बोललं नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी मोबाईलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये उतरले आणि पहिल्यांदाच टायरजवळ उकिडवी बसून नीट पाहिलं. टायरच्या खांद्यावर एक बारीक त्रिकोणी खूण असते. त्या खुणेच्या सरळ रेषेत, नक्षीच्या खोबणीत, आडवी रबराची छोटी पट्टी असते. टायर झिजत झिजत त्या पट्टीच्या बरोबरीला आला की नक्षी १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं, म्हणजे टायरचं आयुष्य संपलं. माझ्या पुढच्या दोन्ही टायरला आतल्या बाजूने बोट फिरवलं तर पट्टी आणि नक्षी यांत फरकच लागेना. बाहेरून मात्र टायर अगदी ठीक दिसत होते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ ठेवण, बिघडलेली असली की आतली कड आधी झिजू शकते आणि उभ्याने बघणाऱ्याला ती दिसतच नाही. हे टायर मी २०२१ मध्ये घातलेले. ५२ हजार किलोमीटर झाले होते. दर सर्व्हिसिंगला कुणीतरी ‘अजून चालतील मॅडम’ म्हणायचं आणि मी मान डोलवायची.

नक्षी म्हणजे टायरची शोभा, असं मला इतकी वर्षं वाटायचं. तिचं खरं काम पाणी बाजूला फेकण्याचं आहे. टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी. तिथलं पाणी खोबणीतून बाहेर निघालं नाही तर टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्ता सुटतो. मग ब्रेक कितीही दाबा. लांबोटीला माझं तेच झालं होतं.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते. रविवारी तिचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘ताई, चारही बदल. आणि बदलल्यावर इन्शुरन्सवाल्यांना कळव.’ टायर बदलले हे विमा कंपनीला कशाला कळवायचं? मी तिला तसंच विचारलं.

तिचं तिकडचं कारण वेगळं आहे. तिथे उन्हाळी, हिवाळी आणि ऑल सीझन असे तीन प्रकारचे टायर मिळतात. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. ऑल सीझन हा त्यातला मधला मार्ग, वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट नको म्हणून. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळ्याला चालतील असे टायर कायद्यानेच लागतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असावी लागते. ब्रिटनमध्ये तशी सक्ती नाही. म्हणूनच तिथे प्रश्न पडतो की गाडीबरोबर आलेले उन्हाळी टायर काढून स्वतःहून दुसरे घातले, तर गाडीत बदल केला असं होतं का? बहिणीने गेल्या वर्षी ऑल सीझन घातले तेव्हा आधी कंपनीला फोन केला. आकार गाडीच्या कंपनीने सांगितलेलाच आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर प्रीमियम वाढणार नाही म्हणाले. तिने त्यांच्याकडून तसा मेलही मागून घेतला. ‘विचारायला पैसे पडत नाहीत, न विचारल्याचे पडतात,’ ती म्हणाली. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

दसरा होऊन गेल्यावर मी टायर बघायला निघाले. वेळ तशी बरी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. माझ्या गाडीच्या टायरची मूळ किंमत ३,६०० धरली तर आधी तो ४,६०८ ला पडला असता, आता ४,२४८ ला. चार टायरला १,४४० रुपयांचा फरक. पण पहिल्याच दुकानात जुनाच भाव सांगितला. जीएसटी कमी झालाय म्हटल्यावर ‘माल जुना आहे’ म्हणाले. मग आवाज खाली आणून, ‘बिल नको असेल तर अजून कमी करतो.’ मी तिथून निघाले. बिलाशिवाय टायर म्हणजे वॉरंटी नाही, आणि उद्या क्लेमची वेळ आली तर दाखवायला कागद नाही. चारशे-पाचशे रुपये वाचवून मी स्वतःचाच पुरावा फाडून टाकला असता.

दुसरं दुकान होटगी रोडला. मालक साठीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, ट्रकवाल्याशी कन्नड, असा अस्सल सोलापुरी माणूस. मी बहिणीच्या भरात ‘ऑल सीझन टायर दाखवा’ म्हटलं. पोरगा म्हणाला, ‘मॅडम, हितं सगळे ऑल सीझनच.’ अण्णांनी त्याला गप्प केलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाले, ‘त्याचं बरोबर आहे, फक्त त्यानं नीट सांगितलं नाही.’

अण्णांनी सांगितलं ते असं. आपल्याकडे विकले जाणारे रोजच्या गाड्यांचे टायर ऊन आणि पाऊस डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. बर्फाचा प्रश्नच येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. थंडीत मऊ राहणारं रबर त्या डांबरावर घातलं तर ते भराभर झिजेल आणि गाडी वळणावर लोळल्यासारखी वाटेल. तो डोंगर-हिमकण तिकडच्या थंडीसाठीच ठीक. आपण बघायचं ते हे की ओल्या रस्त्यावर पकड कशी आहे, रुंद खोबण्या किती आहेत, आणि टायरची कड उन्हात टिकेल का. ऑल सीझन हा शब्द इथे जाहिरातीत वापरतात, त्यावर जाऊ नका. मला हे पटलं. बहिणीचा सल्ला तिच्या गावासाठी बरोबर होता. त्यातली कंपनीला विचारायची गोष्ट तेवढी मी ठेवली आणि रबराची तिच्याकडेच राहू दिली.

मग त्यांनी एक नवा टायर माझ्यासमोर उभा केला आणि मी तो वाचायला बसले. पोरगा येता-जाता म्हणाला, ‘काय करलालाव मॅडम, टायर वाचलालाव व्हय?’ हो, वाचतच होते. १६५/८० आर १४. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढे ८५ टी. ८५ हा भाराचा क्रमांक, म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलायचे. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. आयएसआयची खूण, कारण आपल्याकडे टायरला ती लागतेच. आणि डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लांबटगोल चौकटीत चार आकडे असतात. २९२५ असेल तर २०२५ सालचा २९वा आठवडा. अण्णांनी आधी आणलेल्या चारपैकी एकावर १८२३ होतं, म्हणजे दोन वर्षांहून जुना. मी बदलून मागितला. त्यांनी एका शब्दाने वाद न घालता आतून दुसरा आणून दिला. त्या एका गोष्टीमुळे मी पुढचं सगळं त्यांच्यावर सोपवलं.

एवढ्यात अण्णांचा धाकटा मुलगा आला आणि मोह दाखवू लागला. ‘मॅडम, स्विफ्टला हे सायकलचे टायर कशाला? अलॉय रिम घाला, १८५/६५ आर १५. लुकच बदलतो.’ दिसायला खरंच छान होतं. मी तिथेच हिशेब केला. माझा टायर, १६५ च्या ८० टक्के १३२, दोन्ही बाजू मिळून २६४, अधिक १४ इंचांचे ३५५.६, एकूण ६१९.६ मिलिमीटर. त्याचा टायर ६२१.५. जवळजवळ सारखाच, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक पडणार नाही. शिवाय ही साइज याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच देते. गणितात खोट नव्हती. पण माझं मॉडेल व्हीएक्सआय, त्याला लोखंडी १४ इंची रिम, आणि पॉलिसीत गाडीची किंमत तीच धरून ठरलेली.

आमच्या शाळेतल्या एका सरांचं काय झालं ते मला तेव्हा आठवलं. त्यांनी बाहेरून महागडे अलॉय घातले होते आणि पॉलिसीत कधी नोंदवले नाहीत. एका रात्री गाडी विटांवर, चारही चाकं गायब. कंपनीने सरळ सांगितलं, हे अलॉय आमच्या कागदावर नाहीत. गाडीबरोबर न आलेल्या वस्तू, म्हणजे अॅक्सेसरीज, त्यांची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून त्यावर प्रीमियम भरावा लागतो. आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत, त्या आपोआप येत नाहीत. सरांना अलॉयचा एक रुपयाही मिळाला नाही. सहा महिने पत्रव्यवहार करून ते थकले. मला त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, कारण त्यांनी काही लपवलं नव्हतं. हे सांगायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी अण्णांना म्हटलं, ‘रिम तीच, साइज तीच, भार तोच.’ अण्णा म्हणाले, ‘झालं तर.’

टायर बदलताना मी तिथेच उभी राहिले आणि प्रत्येकाने एकदा तरी उभं राहावं असं मला वाटतं. चाक मशीनवर आडवं घातलं, व्हॉल्व्ह काढला, शेवटची हवा फुस्स करून गेली. मग लोखंडी पात्याने टायरची कड रिमपासून दाबून सुटी केली, ओरखडल्यासारखा आवाज आला. उजव्या पुढच्या टायरच्या आतल्या कडेला पोराने बोट ठेवलं. ‘हे बघा.’ रबर झिजून तिथे तारेचं जाळं दिसायला लागलं होतं, पैशाएवढी जागा. त्याच टायरवर मी तिघींना घेऊन ताशी ऐंशीने आले होते. माझ्या पोटात गोळा आला. मी त्या जागेचा फोटो काढून ठेवला.

नव्या टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, मशीन फिरलं आणि टायर रिमवर बसला. हवा भरताना कड रिमवर चढते तेव्हा फट्‌ असा आवाज होतो, मी दोन्ही वेळा दचकले. व्हॉल्व्ह चारही नवे घेतले. जुने तसेच ठेवले तर हवा कमी होत राहते, आणि उन्हात टायर फुटायचं हेच मोठं कारण. हवा कमी असली की कड सारखी वाकते, वाकण्याने आतून तापते, बाहेरून सोलापूरचं ऊन आहेच. नायट्रोजन भरू का, असं विचारलं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मी साधीच भरा म्हटलं, पण हवेच्या दाबाचा आकडा माझ्या गाडीच्या दारात आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरचा घ्या म्हटलं. अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी आता पाळते. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी किंवा अगदी जवळच्या पंपावर तपासायची. मोहोळहून आल्या आल्या तपासली तर तापल्यामुळे आकडा वर दिसतो आणि पंपावरचा माणूस हवा काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेचाच रस्त्यावर.

मग बॅलन्सिंग, रिमला छोटी वजनं ठोकून. मग अलाइनमेंट. पडद्यावर पुढची दोन्ही चाकं लाल दिसत होती. आतली कड का गेली त्याचं उत्तर तिथे होतं. स्टेपनी काढून पाहिली तर ती गाडीबरोबर २०१८ ची, कधीच न वापरलेली, कडेला बारीक भेगा. न वापरलेला टायरही वयाने म्हातारा होतो. जुन्या चारपैकी त्यातल्या त्यात बरा एक अण्णांनी स्टेपनीत बसवून दिला आणि ‘फक्त दुकानापर्यंत पोचायला’ असं दोनदा बजावलं. सगळं मिळून अठरा हजारांच्या वर गेले. पक्कं बिल घेतलं, त्यावर गाडीचा नंबर, टायरची साइज आणि चारही टायरचे सीरियल नंबर लिहून घेतले. अण्णा म्हणाले, इतकं कुणी मागत नाही. पण दिलं.

आता विमा.

आधी मी आमच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, कशाला सांगताय? उगाच प्रीमियम वाढवतील.’ मग कस्टमर केअरला लावला. पहिल्या मुलीने सांगितलं, काही गरज नाही. मला समाधान होईना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर दुसऱ्या माणसाने सांगितलं, गाडीतला कोणताही बदल कळवावाच लागतो, इन्स्पेक्शन होईल. एकाच कंपनीची दोन तोंडं, दोन उत्तरं. आणि फोनवरचं उत्तर उद्या कोण मान्य करणार? मी रविवारी दुपारी पॉलिसीचं पुस्तकच काढून बसले. वीस-पंचवीस पानं, बारीक अक्षर. दोन तास लागले, पण आजवर इतके हप्ते भरून मी काय विकत घेत होते ते पहिल्यांदा कळलं.

टायर-ट्यूबचं नुकसान एकट्याने झालं, म्हणजे खड्ड्यात टायर फाटला आणि गाडीला बाकी काही झालं नाही, तर साधी पॉलिसी काही देत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं तर टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे, कारण टायर, ट्यूब, बॅटरी, रबर, प्लॅस्टिक यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, धरतात. माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, आहे, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण माझ्या पॉलिसीत झिरो डेपमधून टायर आणि बॅटरी वगळलेले आहेत, ते एका ओळीत लिहिलं होतं. आणखी एक अट अशी की गाडी चांगल्या स्थितीत राखण्यासाठी विमाधारकाने योग्य ती सगळी काळजी घेतली पाहिजे. ती ओळ वाचल्यावर मी तो तारेच्या जाळ्याचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. त्या संध्याकाळी ट्रकला धडक बसली असती, सर्व्हेअरने टायर पाहिला असता, तर या एका ओळीवर कंपनीने माझ्याशी भांडण काढलं असतं. नवे टायर घातले म्हणून नव्हे, जुने तसेच ठेवले म्हणून. सांगायचं की नाही या काळजीत सगळे असतात. खरी काळजी करायची जागा ती होती.

आणि एक गोष्ट अशी निघाली की जिच्यामुळे कळवणं खरंच भाग होतं. गेल्या वर्षी रिन्यूअलच्या वेळी एजंटने टायरसाठीचं एक वेगळं कव्हर जोडून दिलं होतं, टायर फुटला, फुगा आला, कापला गेला तर भरपाई देणारं. साधं पंक्चर त्यात येत नाही आणि नक्षी किती उरली त्यावर पैसे ठरतात. त्याच्या अटीत लिहिलं होतं की टायर बदलल्यास नवे सीरियल नंबर कंपनीकडे नोंदवावेत. म्हणजे एजंटचं ऐकून मी गप्प बसले असते, तर ज्या कव्हरचे पैसे त्यानेच माझ्याकडून घेतले, तेच नेमकं वेळेला उपयोगी पडलं नसतं.

मी मेल लिहिला. लांबलचक नाही. पॉलिसी नंबर, गाडीचा एमएच १३ चा नंबर, कोणत्या तारखेला चार टायर बदलले, साइज आणि भार क्रमांक गाडीच्या कंपनीने दिलेलाच, रिम मूळ, सोबत बिल आणि चारही टायरच्या सीरियल नंबरचे फोटो. मग तीन प्रश्न. याला एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, लागते का? प्रीमियमवर परिणाम होतो का? टायर कव्हरमध्ये नवे नंबर नोंदले गेल्याचं लेखी कळवाल का? आठ दिवस उत्तर नाही. मी तोच मेल त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. तिथेही दाद लागली नाही तर विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर जायचं, आणि त्यापुढे पुण्याला विमा लोकपाल आहेत, आपला जिल्हा त्यांच्याकडे येतो, एवढी माहिती मी काढून ठेवली होती. ती वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. साइज आणि रिम मूळ असल्याने हा देखभालीचा भाग आहे, बदल नाही. एन्डॉर्समेंट नको, प्रीमियम तोच. टायर कव्हरमध्ये नवे नंबर नोंदवले आहेत. रिम किंवा साइज बदलणार असाल तर आधी कळवा, कारण ती अॅक्सेसरी धरून वेगळी नोंद करावी लागते.

चार ओळींचा मेल. त्यासाठी कंपनीला दोन फोन, दोन मेल आणि अकरा दिवस. एजंटला मी तो दाखवला. तो म्हणाला, ‘इतकं कुणी करत नाही मॅडम.’ अण्णाही तेच म्हणाले होते. मी एजंटला शांतपणे सांगितलं की यापुढे माझ्या पॉलिसीत काही जोडायचं असेल तर त्याच्या अटी आधी मराठीत समजावून सांगायच्या, मग सही. तो हो म्हणाला.

आरसीचाही, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचाही, प्रश्न मनात होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. माझ्या आरसी कार्डावर टायरच्या साइजची नोंदच नाही आणि मी साइज बदललीही नाही, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

मेलची प्रिंट, बिल आणि पॉलिसीचं पान असं एका पाकिटात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं. बहिणीला फोटो पाठवले. तिने विचारलं, हिमकणाची खूण कुठे आहे? मी म्हटलं, सोलापुरात तिचं काय करू?

पुन्हा माझी पाळी आली तेव्हा कोजागिरी होऊन गेली होती. त्या दिवशीही थोडा पाऊस होता. लांबोटीजवळ रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं तसा मी वेग कमी केला. पाण्यातून जाताना स्टेअरिंग हातात घट्ट राहिलं. चिवडा घ्यायला थांबलो तेव्हा मी तिघींना टायरवरचे चार आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. दोघींनी घरी जाऊन आपापल्या गाडीचे फोटो ग्रुपवर टाकले. एकीचे २०२३ चे, ठीक होते. दुसरीच्या चारही टायरवर १७ हा आकडा होता, २०१७. पुढची पाळी तिची होती. रात्री साडेनऊला तिचा फोन आला, ‘टायर बसेपर्यंत तूच गाडी काढ. आणि त्या अण्णांचा नंबर दे.’